रेमो, ‘हम्मा हम्मा’च्या आधीचा: जुने चाहते कोणी आहेत का इथे?

तेरेखोलपार

रेमो फर्नांडिस म्हटलं की समोरचा ‘हम्मा हम्मा’ म्हणतो. फार तर ‘प्यार तो होना ही था’. वय जरा जास्त असेल तर ‘जलवा’. ती गाणी त्यानंच गायली आहेत, मलाही आवडतात, त्यावर भांडण नाही. पण आम्ही सावंतवाडीकडचे लोक त्याला त्याआधीपासून ओळखतो आणि तो रेमो वेगळा होता. हा धागा त्याच्यासाठी.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या शिवोली गावचा माणूस, जन्म १९५३चा. मुंबईत आर्किटेक्चर शिकला, गिटार गळ्यात अडकवून युरोपात भटकला आणि परत शिवोलीला येऊन बसला. इंग्रजीत स्वतःची गाणी लिहायचा आणि तीही गोव्याबद्दल. आपल्याकडच्या माणसानं लिहिलेली इंग्रजी गाणी काढायला तेव्हा कोण कंपनी उभं करणार? म्हणून १९८४ साली त्यानं ‘गोअन क्रेझी’ घरातच रेकॉर्ड केली, चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर. वाद्यं त्याची, आवाज त्याचे, रेकॉर्डिंग त्याचं, कव्हरसुद्धा त्याचंच. मग त्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. पुढच्या वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’, ८६ला ‘पॅक दॅट स्मॅक’, ८७ला ‘बॉम्बे सिटी’. कंपनीशिवाय चालणाऱ्या स्वतंत्र कलाकाराला लावतात तो ‘इंडी’ शब्द तेव्हा आपल्याकडे कुणाच्या कानावरही नव्हता.

आता मुद्दा. एखादी जुनी एचएमव्हीची रेकॉर्ड असेल तर तिचा मालक ठरलेला असतो. आज ना उद्या तो पुन्हा विकायला काढतो, म्हणून तरी ती कुठल्या तरी कपाटात जपली जाते. घरात बसून कॅसेट काढणाऱ्याचं तसं नसतं. त्याची कंपनी म्हणजे तोच, आणि त्याचं गोदाम म्हणजे आपली कपाटं. रेमोची बरीच गाणी आता फोनवर ऐकता येतात हे खरं, पण गाण्यांचा मूळ क्रम, ए बाजू संपल्यावर बी बाजू कशानं सुरू व्हायची, कव्हरच्या घडीवर काय छापलं होतं, हे फोनवरच्या यादीत राहत नाही.

तर विचारतो. कोणाकडे मूळ कॅसेटी आहेत? कुठल्या? कुठल्या अवस्थेत? आणि तुम्ही त्याला पहिल्यांदा कुठे ऐकलंत, तेही लिहा.

गोडंमीठ

‘मारिया पिताशे’!! बस, एवढंच लिहायला लॉगिन केलं.

मिरामार

धागा बरा काढलात. माझ्याकडे ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आहे, डबी फुटलेली, टेप शाबूत. पण कॅसेटीपेक्षा दुसरंच काहीतरी लिहायचं आहे.

रेमो शिवोलीत राहून गायला ही गोष्ट बाहेरच्या माणसाला साधी वाटते. गोंयकाराला ती साधी वाटत नाही. आमच्याकडे चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणापासून सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे आणि वाजवता यायला लागलं की ती पोरं मुंबईला जायची. हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रे या मुलखातल्या माणसांनी भरलेले होते. स्वरलिपी लिहून काढणारे, अरेंजर, ट्रम्पेटवाले: सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. पडद्यावर संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात आणि या मंडळींचं एक तर खाली कुठेतरी बारीक, नाहीतर नाहीच. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं. संगीत करायचं म्हणजे गाव सोडायचं आणि दुसऱ्याच्या नावाखाली वाजवायचं.

या माणसानं उलटं केलं. मुंबईत शिकून गावी परत आला आणि गावातून कॅसेट मुंबईला पाठवली, वर स्वतःचं नाव घालून. मला त्याचं कौतुक आहे ते आधी यासाठी. गाणी चांगली होती हा वरचा नफा.

आणि हो, लोक म्हणतात की त्यानं इंग्रजी रॉकमध्ये राजकारण्यांची टिंगल आणली. आणली, पण ती काही अमेरिकेतून नव्हे. तियात्र, म्हणजे आमचं कोंकणी गाण्यांचं नाटक, पाहिलेल्या कुणालाही विचारा. १८९२ साली मुंबईतच पहिलं तियात्र झालं, आणि प्रवेशांच्या मध्ये गायची कांतारां आजही मंत्र्यासंत्र्यांची सालं काढतात. पंचायतीपासून दिल्लीपर्यंत कुणालाच सोडत नाहीत. रेमोनं तोच जिन्नस गिटारवर आणि इंग्रजीत घेतला. १९९२च्या त्याच्या अल्बमचं नावच पाहा: ‘पॉलिटिशियन्स डोन्ट नो टु रॉक अँड रोल’. हे नाव कुठल्याही कांतारिस्ताला शोभेल.

पुण्याची_पेठ

वाचतोय. पण एक शंका, राग मानू नका. स्वतंत्र, स्वतंत्र म्हणता आणि मग ८७ला ‘जलवा’, ९५ला ‘बॉम्बे’, ९८ला ‘प्यार तो होना ही था’. पुढे २००७ला पद्मश्री. यात स्वतंत्र नक्की काय उरलं? आमच्याकडेही भावगीतवाले आहेत, सिनेमात गायले की त्यांना कोणी स्वतंत्र म्हणत नाही.

शुक्रवारचा_बाजार

पेठकर, प्रश्न रास्त आहे. पण सिनेमात तो गेला तो बहुतेकदा गायक म्हणून. दुसऱ्याची चाल, दुसऱ्याचे शब्द, याचा आवाज. मजुरी घेतली, घरी आला. स्वतःची गाणी मात्र त्यानं स्वतःच्या मर्जीनं केली. ‘पॅक दॅट स्मॅक’ हे नाव घ्या. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावर ब्राऊन शुगरनं पोरं कशी गेली ते आम्ही बार्देसकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. हणजूणच्या हिप्प्यांबरोबर गिटार वाजवत बसणारा माणूस उठून गर्दविरुद्ध कॅसेट काढतो. हा सौदा कुठल्या कंपनीच्या मॅनेजरला पटला असता?

दुसरी गोष्ट ‘हॅलो राजीव गांधी’ची. गाणं पंतप्रधानांनाच उद्देशून, तेही हॅलो म्हणून, जणू शेजारच्याशी बोलतोय. आणि हे त्यानं राजीव गांधी गोव्यात आले असताना त्यांच्यासमोरच गायलं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, पंतप्रधानांचा अपमान वगैरे. यानं ती कात्रणं आणि गाण्याची कॅसेट थेट दिल्लीला पाठवून दिली. तिकडून उत्तर आलं की आम्हाला गाणं आवडलं. टीका करणाऱ्यांची तोंडं तिथेच बंद.

आणि ते टेलिफोनवरचं, ‘ओड टु ग्रॅहम बेल’! ज्यांनी तेव्हाचा तो काळा फोन वापरलाय, ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिली आहे, त्यांनाच ते गाणं पुरतं कळेल. हल्लीच्या मुलांना फोन लागत नाही ही कल्पनाच करता येत नाही, तर त्यावर गाणं काय समजणार.

पुण्याची_पेठ

मजुरी घेतली आणि घरी आला, हे पटलं. तरी एक टोचणी राहतेच. सिनेमा नसता तर आमच्यासारख्यांना त्याचं नावही कळलं नसतं. म्हणजे ज्या ‘हम्मा हम्मा’ला तुम्ही नाकं मुरडता, त्याच दारानं आम्ही आत आलो.

तेरेखोलपार

नाक मुरडलेलं नाही हो, पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. या गाण्याच्या खाली बाकी सगळं गाडलं जातं, तक्रार एवढीच. आणि १९८५चा ‘त्रिकाल’ पाहिलात का? श्याम बेनेगलांचा, लोटलीच्या मारिओ मिरांडांच्या घरात चित्रित झालेला. त्यात रेमो आहे, गाताना आणि चक्क अभिनय करताना. सिनेमाच्या दारानंच यायचं तर त्या दारानं या.

टेपरेकॉर्डर

चार ट्रॅकचं मशीन म्हणजे काय, हे कुणीतरी सांगायला हवं. मी दुरुस्ती करतो, मीच सांगतो.

साध्या कॅसेटवरसुद्धा चार पट्ट्या असतात. दोन ए बाजूच्या (डावा-उजवा) आणि दोन बी बाजूच्या, उलट दिशेनं जाणाऱ्या. पोर्टास्टुडिओ जातीचं मशीन या चारही पट्ट्या एकाच दिशेनं वापरतं. म्हणजे कॅसेटला बाजू एकच. वर टेप बहुतेकदा दुप्पट वेगानं पळवतात, आवाज जरा स्वच्छ येतो, पण साठ मिनिटांच्या कॅसेटवर मग पंधरा मिनिटंच मावतात. टास्कॅमनं असं पहिलं मशीन १९७९मध्ये काढलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ अशाच मशीनवर घरात झालेला आहे, म्हणजे आपला रेमो जगाच्या मागे नव्हता.

आता एकट्या माणसानं चार पट्ट्यांत ढोल, बास, गिटार, बासरी, मुख्य आवाज आणि मागचे तीन आवाज कसे बसवायचे? तीन पट्ट्या भरायच्या, त्या एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, मग पहिल्या तीन पुसून पुन्हा भरायच्या. यात मेख अशी की एकदा उतरवलं की मागे फिरता येत नाही. बासचा आवाज कमी पडला असं उद्या वाटलं तरी गिटारसकट सगळं पुन्हा वाजवावं लागतं. आणि प्रत्येक उतरवणीला टेपची खसखस वाढते. त्यामुळे वाजवायच्या आधी अख्खं गाणं डोक्यात तयार पाहिजे. आज लॅपटॉपवर शंभर ट्रॅक लावून नंतर ठरवू म्हणणाऱ्यांना ही शिस्त कळणार नाही. ती खसखस ऐकू आली की मी कधी काढायला जात नाही, तिच्यात त्या घराची हवा आहे.

नवखा

मी सगळ्यात लहान दिसतोय इथे. ‘हम्मा’सुद्धा मला आधी रिमेकमुळे कळलं 🙈 कुठून सुरुवात करू?

गोडंमीठ

‘ओल्ड गोअन गोल्ड’पासून. जुनी कोंकणी गाणी आहेत, शब्द कळले नाहीत तरी पाय थांबणार नाहीत. आणि मराठी येतं तर निम्मे शब्द कळतातच.

शुक्रवारचा_बाजार

नाही, नाही. आधी ‘गोअन क्रेझी’, रात्री, हेडफोन लावून. मग ‘पॅक दॅट स्मॅक’. ‘ओल्ड गोअन गोल्ड’ नंतर, लोकांबरोबर, जेवणाच्या आधी. एकट्यानं दुलपद (नाचायचं कोंकणी गाणं) ऐकणं म्हणजे एकट्यानं पंगतीला बसणं.

मिरामार

दोघांचंही ऐकू नका. आधी २४ जूनला शिवोलीला जाऊन सांजांवचा सण बघा. फुलांनी सजवलेल्या होड्या, विहिरीत उड्या, डोक्यावर पानाफुलांचे कोपेल (मुकुट). जमलं तर डिसेंबरात तिथला झागोर हा उत्सवही बघा, ज्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघं मिळून रात्र जागवतात. ज्या गावात हे सगळं आहे तिथला मुलगा इंग्रजीत, कोंकणीत, हिंदीत, पोर्तुगीजमध्ये का गातो हे मग वेगळं विचारावं लागणार नाही.

अडगळ

सगळे निष्ठावंत जमलेत म्हणून विचारतो. तुमच्यापैकी किती जणांनी मूळ कॅसेट विकत घेतली आणि किती जणांनी ‘भरून’ घेतली? त्या काळी प्रत्येक तालुक्याच्या गावात एक दुकान होतं. कोरी सोनी नाहीतर टीडीके घेऊन जायची, यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. मोठ्या कंपनीच्या गाण्यात त्यानं फार फरक पडला नसेल. पण जो माणूस स्वतः स्कूटरवरून कॅसेटी पोचवतोय, त्याचं प्रत्येक भरून घेतलेल्या कॅसेटमागे थेट नुकसान होतं. तेरेखोल नदीच्या या बाजूला, महाराष्ट्रात, रेमो पोचला तो बहुतेक अशाच कॅसेटींतून. चाहते म्हणवून घ्यायचं तर हा हिशोबही मांडा.

तेरेखोलपार

हिशोब बरोबर आहे, टाळणार नाही. पण त्याची दुसरी बाजूही मांडा. त्याच्या कॅसेटी जिथवर स्कूटर जाईल तिथवर जायच्या. बांदा ओलांडला की दुकानात मिळायच्या नाहीत. विकत घ्यायला माल नाही आणि ऐकायचं तर आहे, अशा वेळी भरून घेणं हाच रस्ता होता. कंपनीला नाही म्हणायची किंमत हीच. वितरक नाही, जाहिरात नाही, रेडिओवर लावायला सांगणारा माणूस नाही. शेजारच्या जिल्ह्यात पोचायलासुद्धा तुम्ही दुसऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर अवलंबून. पैसे गेले आणि कान मिळाले. पुढे त्याच कानांनी कार्यक्रमांची तिकिटं काढली, पण सगळ्यांनी काढली असं मी म्हणणार नाही.

अडगळ

हे मान्य. निदान बोललात तरी, बाकीचे गप्प आहेत. :)

वकीलीणबाई

कॅसेटी डिजिटल करायचा विषय येणार हे दिसतंय, म्हणून आधीच लिहून ठेवते. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं चालतो, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. म्हणजे १९८४ची कॅसेट २०४४ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क त्याहून लांब, कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. इथे गंमत अशी की घरगुती कॅसेटीला शब्द, चाल, आवाज आणि ध्वनिमुद्रण या चारही गोष्टी एकाच माणसाच्या. सिनेमातल्या गाण्यात हे कधीच होत नाही. तिथे लेखक-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा वाटा मिळायला २०१२ची दुरुस्ती यावी लागली. म्हणून ‘स्वतंत्र’ म्हणजे नुसता बाणा नव्हे, कागदावरही तो वेगळाच आहे.

व्यवहारात सांगायचं तर, तुमच्या घरातल्या कॅसेटची स्वतःसाठी प्रत काढा, कलम ५२ मध्ये खासगी वापराला जागा आहे. ती नेटवर टाकू नका. माणूस हयात आहे, त्याला विचारता येतं. चाहत्यांनी परस्पर अपलोड करायचं आणि वर प्रेम म्हणायचं, हे मला कधी पटलेलं नाही.

लिस्बनहून

इकडे सकाळ झाली, आत्ता सगळं वाचलं. रेमो पोर्तुगालला राहायला आला तेव्हा गोव्यातल्या माझ्या काही मित्रांना फार लागलं होतं. ‘गोव्याची गाणी गाणारा गोवा सोडून गेला’, असं. १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, हजारो गोंयकारांनी ते घेतलं, बरेचसे पुढे लंडन-स्विंडनला गेले. त्यांच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. याच्याबद्दल मात्र बोलायचं, कारण याच्या कॅसेटी आपण विकत घेतल्या (किंवा भरून घेतल्या, अडगळ यांच्या सौजन्यानं).

मला हे चाहतेपण कळत नाही. कंपनीच्या कलाकाराकडून आपण गाण्याची अपेक्षा ठेवतो. स्वतंत्र कलाकाराकडून मात्र अख्ख्या आयुष्याची: त्यानं त्याच गावात राहावं, तसंच गावं, तसाच दिसावा. त्यानं आपल्या दुकानात स्वतः कॅसेट आणून दिली होती ना, मग तो आपला. अहो, त्यानं कॅसेट विकली. स्वतःला नाही विकलं.

मिरामार

लिस्बनहून, हे तुम्ही तिथून लिहू शकता. इथे राहून जमिनी कशा विकल्या जातायत ते बघणाऱ्याला असं वाटणं चूक नाही. तो गेला म्हणून राग नाही, आता गावाबद्दल कोण गाईल ही काळजी आहे.

लिस्बनहून

त्याला उत्तर एकच: नव्यांच्या कॅसेटी विकत घ्या. म्हणजे जे काही आता कॅसेटीच्या जागी असेल ते. बँडकॅम्प या साइटवर थेट कलाकाराकडून घेता येतं, ते डिजिटल विक्रीवर पंधरा टक्के कापतात, बाकी बहुतेक त्याच्याकडे जातं. ही आजची स्कूटर. गोव्यात आज घरून गाणी करणारे कमी आहेत का?

२०२१ला त्याचं आत्मचरित्र आलंय, तेही वाचा. जाड आहे, पण सुट्टीत होतं.

मिरामार

हं. तुमचं म्हणणं अर्धं मान्य.

टेपरेकॉर्डर

तत्त्वज्ञान चालू द्या, मी कामाचं लिहितो. आपल्या हवेत कॅसेटींना बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. मशीनच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

ठिपके नसतील तर: आधी पेन्सिलीनं हलकेच फिरवून बघा, अडकत नाही ना. आतली स्पंजची गादी निघाली असेल तर आवाज दबका येतो, ती दुसऱ्या कॅसेटची काढून लावता येते. कवच स्क्रूचं असेल तर सोपं. चिकटवलेलं असेल तर घरी खटपट करू नका. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले थर सुटतात.

वाजवताना हेडचा तिरपेपणा जुळवावा लागतो. हेडशेजारी बारका स्क्रू असतो, झांजेचा आवाज सगळ्यात लख्ख येईल तिथे थांबायचं, आवाज मोनो करून ऐकलं तर पटकन कळतं. डॉल्बीचं (खसखस कमी करणारं) बटण, कव्हरवर डॉल्बी छापलेलं असेल तरच दाबा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला करा, फाइल फ्लॅक प्रकारची. पहिल्या प्रतीवर कुठलीही सफाई करू नका, जी काही हौस आहे ती दुसऱ्या प्रतीवर.

कव्हरं सपाट करून दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला स्कॅन करा.

तेरेखोलपार

सोन्यासारखी माहिती. आत्तापर्यंतची यादी: माझ्याकडे ‘गोअन क्रेझी’ (भरलेली, अडगळ यांनी हसू नये) आणि ‘बॉम्बे सिटी’ मूळ. मिरामार यांच्याकडे ‘ओल्ड गोअन गोल्ड’ मूळ, डबी फुटकी. ‘पॅक दॅट स्मॅक’ मूळ कुणाकडे? आणि वकीलीणबाई, स्वतः रेमोला पत्र लिहून रीतसर विचारायचं ठरलं तर मजकूर तपासून द्याल का?

वकीलीणबाई

देते. आधी काय मागायचं ते ठरवा. प्रती त्याच्याकडेच सोपवायच्या असतील तर परवानगीचा प्रश्नच येत नाही, ती सरळ भेट झाली. मला तोच मार्ग बरा वाटतो.

शुक्रवारचा_बाजार

‘पॅक दॅट स्मॅक’ आहे, मूळ, कव्हरसकट. बुरशीचं बघावं लागेल, माळ्यावर आहे. पोस्टानं पाठवणार नाही, सांगून ठेवतो. ज्याला हवी त्यानं शुक्रवारी म्हापशाला यावं.

टेपरेकॉर्डर

मी येतो. मशीन गाडीत घालून आणतो, म्हणजे कॅसेट तुमच्या हातातून सुटायलाच नको. फक्त वीज असलेली जागा बघून ठेवा, आणि दुपारी बारानंतर बोलवा, सकाळी बाजारात गाडी लावायला मिळत नाही.

नवखा

मी आलो तर चालेल का? कॅसेट प्रत्यक्ष कधी पाहिलेलीच नाही.

शुक्रवारचा_बाजार

ये रे. पेन्सिल घेऊन ये.